किंमत: शून्य

आमचा क्लब म्हणजे वाचनालयाचं तळघर,
बॉयलरची घरघर, अकरा खुर्च्या,
आणि कागदाची गिरणी बंद पडल्यापासून
हातांना काय काम द्यावं ते न सुचलेली माणसं.
नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधारतं इथे,
बोथ्नियाचं आखात कडेकडेनं गोठू लागतं,
आणि वेइक्को, आमचा सचिव, नियमावली उघडतो:
तेवीस देश. एकेका क्लबचे दहा प्रिंट.
दहांचा सूर एक हवा.
एका हाताचे दोनाहून जास्त नकोत.

बर्फ, अर्थात. दुसरं आहे काय आमच्याकडे?
इल्पोच्या तडा गेलेल्या लाद्या,
ओनेर्वाचं धुक्यातलं बर्फफोडं जहाज,
माझा एक धक्का, त्याला बांधलेलं कुणीच नाही.
नऊ जमले. दहाव्यावर दोन मंगळवार भांडण.

ताइमीचा होता तो: दोरीवर वाळत घातलेल्या,
गोठून ताठ झालेल्या विजारी,
आत माणूस असल्यासारख्या, वाऱ्याला पाठ देऊन.
"क्षितिज कलंडलंय," वेइक्को म्हणाला.
"अंगणच कलतं आहे आमचं," ताइमी म्हणाली,
आणि वेलदोड्याचा पाव कॉफीत बुडवून
तिनं विषय संपवला.

पाठवला. दुसरा नव्हताच म्हणून.
सीमाशुल्काच्या कागदावर वेइक्कोनं लिहिलं:
छायाचित्रे, हौशी. किंमत: शून्य.

आलो एकोणिसावे.
गेल्या खेपेला बावीस, म्हणजे तशी प्रगतीच.
परीक्षक ऑस्ट्रियातले तिघे,
त्यांचा शेरा दीड ओळीचा: थंड, पण प्रामाणिक.
इल्पो हे आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटला,
'पण'च्या आधीचं गाळून.

मार्चमध्ये पेटी परतली, ती आमची नव्हतीच.
लेबलं कुठेतरी बदलली असणार.
झाकण उचललं तर तंबाखूचा वास,
आणि उरुग्वेतल्या कुठल्याशा गावाचे दहा प्रिंट:
लग्नाच्या टेबलाखाली बूट काढून बसलेली मुलगी,
न्हाव्याच्या आरशात दिसणारा न्हाव्याचा बाप,
धूळ, घोडे, पुन्हा धूळ,
फुटबॉलच्या जाळ्यात, गोलरेषेवर झोपलेला कुत्रा.
आणि एक भिंत, उन्हात इतकी पांढरी
की तिच्यात काहीच उरलेलं नाही.

खोड जात नाही. आम्ही गुण द्यायला बसलो, विसापैकी.
"पांढरा जळालाय," ओनेर्वानं भिंतीला अकरा दिले.
थोड्या वेळानं, कुणीही न विचारता, म्हणाली,
"तिथे तो तसाच असेल म्हणा."
आणि अकरा खोडून काहीच लिहिलं नाही.
वेइक्कोनं फुटपट्टी काढली होती, ती तशीच हातात राहिली.

सहा मंगळवार ते भिंतीवर होते.
लोक लवकर येऊ लागले.
रेइयो, जो बायको गेल्यापासून फक्त लेन्सबद्दल बोलायचा,
एकदा त्या मुलीसमोर उभा राहून म्हणाला,
"हिचे बूट कुठे आहेत पण?"
आम्ही सगळे वाकून बूट शोधत राहिलो.

मग पत्रं, पत्ते, माफीनामे,
पोस्टाच्या खिडकीत दोन्हीकडच्या मोडक्या इंग्रजीतल्या चिठ्ठ्या.
पेटी बांधायचं माझ्याकडे आलं.
मोजायचंही माझ्याकडेच.
दोरीच्या गाठी मी जरा घट्टच मारल्या.

आमची पेटी मे महिन्यात पोचली,
आखातात शेवटचे तुकडे तरंगत असताना.
वेइक्कोनं मोजले. पुन्हा मोजले. नऊ.
लाद्या होत्या, जहाज होतं, माझा धक्का होता.
विजारी नव्हत्या.

ताइमीनं दुसरा पाव घेतला.
वेइक्कोनं पोस्टाच्या तक्रारीचा कागद पुढे ओढला,
चष्मा पुसला, लिहिलं:
हरवलेले, एक.
पुढचा रकाना किंमतीचा.
पेन तिथे टेकवून तो बसला,
शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत गेला,
आणि मला माझ्या स्वयंपाकघरातला,
फ्रीजच्या बाजूला चिकटवलेला,
गोलरेषेवरचा कुत्रा आठवला,
अजून झोपलेला.